चार झाडांचा अर्ज

जुन्नरच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझा अर्ज हातात घेऊन "हा कोणत्या वकिलाने लिहिला?" असे विचारणारे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि अर्जदार काय उत्तर देतो ते ऐकण्यासाठी दाराशी मुद्दाम थांबलोही आहे. वारसनोंद, वहिवाटीचा रस्ता, निराधारांचे वेतन, हरवलेला जन्मदाखला अशा विषयांवर मी वीस वर्षांहून अधिक काळ अर्ज लिहीत आलो. या कामाचे मर्म मला कोणी शिकविले नाही, ते मी स्वतः शोधून काढले. अर्जात तपशील हवा. गाव, गट नंबर, दिशा, अंतर, संख्या. तपशील नसेल तर ते नुसते गाऱ्हाणे होते आणि गाऱ्हाण्यावर शिक्का मारता येत नाही, असे मी नवशिक्यांना सांगत असे.

नशेच्या वस्तूंवर सरसकट बंदी असावी, की सरकारने परवाने देऊन, नियम घालून त्या विकू द्याव्यात, हा वाद आमच्या शेडखाली चहाबरोबर नेहमी चाले. मी बंदीच्या बाजूचा. शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारे गृहस्थ परवान्याच्या बाजूचे. ते म्हणत, "राव, दारूच्या दुकानाला पाटी हाय, बाटलीला लेबल हाय. गांजाला बंदी हाय, मंग त्याचं लेबल कुठं बघायचं?"

"उद्या तुम्ही विषालासुद्धा लेबल लावाल," मी म्हणे.

"विषाला हायेच की. फवारणीच्या डब्यावर कवटी छापल्याली असती. म्हनून तर कुनी भाजीत वतत न्हाई."

लोक हसत. मी हसत नसे, कारण माझ्या डोळ्यांपुढे लोणीची एक बाई असे. आंबेगाव तालुक्यातून दोन गाड्या बदलून ती माझ्याकडे आली होती. तिच्या मुलाने आधी चिलीम ओढली, मग कसली तरी पूड, आणि आता तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असे व आईला 'मावशी' म्हणत असे. तिने मला विचारले, "भाऊ, बंदी हाय म्हनत्यात ना? मंग ती पूड इकनाऱ्या गाळ्याचं शटर रोज उघडतंच कसं?" मी तिचा अर्ज दोन पाने लिहिला. नारायणगावात टोमॅटोच्या बाजारामागे, फुटक्या क्रेटच्या ढिगाला लागून तिसरा गाळा, निळे शटर, दुपारी अर्धे उघडे असते. एवढा नेमका अर्ज क्वचितच लिहिला गेला असेल. तो ज्या टेबलावर जायचा त्या टेबलावर गेला. त्यानंतर पुष्कळ महिने लोटले, आणि माझ्या कानावर काहीच आले नाही.

भाद्रपदात गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात घाटघरची एक बाई आली. चाळिशीची, बांध्याने काटक. ती बाकावर न बसता टेबलाला धरून उभी राहिली.

"भाऊ, परवानगीचा अर्ज लिहायचा हाय."

"कसली परवानगी?"

"झाडांची. आमच्या मामांची चार झाडं हायेत. गांजाची."

मुद्रांकवाल्यांनी शिक्का मारता मारता हात थांबविला.

मामा म्हणजे तिचे सासरे. नवरा मुंबईकडे कामाला, घरात ती आणि सासरे दोघेच. त्यांच्या जबड्यात गाठ होती व ती आता गालातून बाहेर आली होती. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाने यापुढे इलाज नाही म्हणून सांगितले; वेदनेवर मात्र गोळ्या दिल्या. त्या गोळ्या अफूपासून केलेल्या असल्यामुळे कुलपात असतात, सही घेऊन मोजक्याच देतात, आणि दर वेळी रोग्याला समोर आणावे लागते असे तिला सांगण्यात आले होते. पहिल्या फेरीच्या गोळ्या संपल्यावर ती त्यांना पुन्हा नेऊ शकली नाही. जीपच्या प्रत्येक धक्क्याला ते किंचाळत, आणि बाकीचे प्रवासी उतरून जात. मग म्हाताऱ्याने स्वतःच परसात बी टाकले. चिलीम ओढली की चार तास झोप लागे. आता गावच्या पोलीस पाटलाने तिला बजावले होते, "कुनी कळवलं तर मला लिहावं लागंल. आधीच कागद करून ठेवा."

"न्हाई मिळाली परवानगी तर मामा वरडून मरत्याल," ती म्हणाली. रडली नाही. "तेवढं मरंस्तोवर राहू द्या म्हनावं. चारच हायेत."

मुद्रांकवाले म्हणाले, "लिहा राव. तुमच्या बंदीला कायतरी काम मिळू द्या."

मी बंदीचा पुरस्कर्ता खरा. परंतु अर्जदाराची बाजू तीच लिहिणाऱ्याची बाजू असते. शिवाय असा अर्ज संपूर्ण तालुक्यात यापूर्वी कोणी लिहिला नसणार, हा विचारही मनात आला, तो मी लपवीत नाही. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय लेखणी उचलणार नाही, असे मी तिला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने घाटघरला गेलो.

दुपारचे बारा वाजले असतील, पण दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. नाणेघाटाच्या बाजूने धुके वर येत होते. निसवलेली भाताची खाचरे पायाजवळ तेवढी हिरवी, पुढे सगळे पांढरे. बाई वाट दाखवीत पुढे चालली होती. तेव्हा तो आवाज ऐकू आला. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा, एका पट्टीतला, न तुटणारा. मी म्हणालो, "घाटात वारा फार आहे."

"वारा न्हाई, भाऊ. मामा हायेत."

धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही. तो समोरून येत होता, मग डावीकडून आला. एकदा तर पायाखालच्या बांधातून आल्यासारखा वाटला आणि मी पाय उचलून धरला. वाटेतली दोन घरे बंद होती. कुत्री होती, पण भुंकत नव्हती. भिंतीला अंग चिकटवून बसली होती.

कारवीच्या कुडाचे घर, पुढे पडवी. पडवीत गोधडीवर तो म्हातारा बसला होता. अर्धा चेहरा उपरण्याने बांधलेला, आणि बांधल्यामुळेच दुसरा अर्धा फार मोठा दिसत होता. तोंड बंद होते. आवाज बंद तोंडातूनच येत होता. सुनेने चिलीम भरून ओठांच्या चांगल्या कोपऱ्यात धरली. चार-पाच झुरके झाले. आवाज हळूहळू खाली बसला आणि थांबला. त्यासरशी धुक्यात कुठेतरी कोणी लाकूड फोडू लागले, कोणी भांडे घासू लागले, एक कुत्रे उठून अंग झाडू लागले. सगळी वाडी तेवढ्यासाठी खोळंबून बसली होती.

मी परसात जाऊन झाडे पाहिली. छातीएवढी उंच, तुरे धरलेली. मी ती मोजली. मागील दारापासून पावले टाकून अंतर घेतले. सातबारा पाहून गट नंबर उतरविला.

म्हातारा आता बोलू शकत होता. अर्ध्या तोंडाने म्हणाला, "मोजायची कशाला?"

"सरकारला कळले पाहिजे, बाबा, की चारच आहेत."

"सरकारला कळलं नव्हतं तवर चार व्हती. कळल्यावर किती राहत्याल?"

मी हसलो. त्यांचा अंगठा घेतला. अंगठ्याची शाई पुसताना ते माझ्याकडे एकटक पाहत होते, आणि त्या दृष्टीत राग नव्हता. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाकडे पाहावे तसे ते पाहत होते.

अर्ज उत्तम झाला. त्यातील एक वाक्य मला आजही पाठ आहे. 'सदर चार झाडे अर्जदाराच्या राहत्या घराच्या पश्चिमेस, मागील दारापासून अकरा पावलांवर, केळीच्या आडोशाला असून, ती केवळ अर्जदाराच्या वेदनाशमनार्थ आहेत.' तो मी स्वतः दाखल केला, पोच घेतली आणि त्या दिवशी घरी जाताना वाटेत भेटेल त्याला हकिगत सांगितली.

आठव्या दिवशी बाई परत आली. तिच्या हातात पंचनाम्याची नक्कल होती. मी वाचू लागलो आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. 'मागील दारापासून अकरा पावलांवर, केळीच्या आडोशाला.' आडोसा हा शब्द पंचनाम्यात कोणी लिहीत नाही. तो माझा शब्द होता. कायद्याने बंदी असलेल्या वस्तूची लेखी कबुली हाती आल्यावर, ज्याला परवानगी देण्याचा अधिकारच नाही त्याने तो कागद जिथे पाठवायला हवा तिथे पाठविला. यात कोणाची चूक काढावी? नववी शिकलेल्या माणसालाही हे आधी सुचायला हवे होते. वीस वर्षांत परवानगी आणि कबुली यांतील अंतर मला कधी मोजावे लागले नव्हते.

"पंचनाम्याला चौघं आले व्हते," ती सांगू लागली. "पडवीत मामांच्या समोर बसून लिहीत व्हते. मी च्या केला त्येन्ला. मंग मागं जाऊन उपटली, गोनीत भरली. एक जन बोलला, बाई, लई सोपं काम दिलंत तुमी. शोधायला लागलं न्हाई."

"बाबांना नेले नाही?"

"त्येंच्याकडं बघितलं आन् न्हेलं न्हाई. केस मातर त्येंच्यावरच हाय. अंगठा त्येंचाच ना." (पुढे आरोपी मयत झाल्यामुळे ते प्रकरण आपोआप निकाली निघाले.)

"तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

"रागवायचं काय त्यात? तुमी लिहिलं व्हतं तसंच समदं व्हतं. एक पाऊल बी चुकलं न्हाई."

माझ्या लेखनाची इतकी स्वच्छ तारीफ त्याआधी कोणी केली नव्हती. बाई उलटपावली गेली, कारण म्हाताऱ्याला एकटे ठेवून आली होती.

त्या दिवसापासून मला तो आवाज जुन्नरमध्ये ऐकू येऊ लागला. भर दुपारी, शेडखाली, लिहिता लिहिता. पाण्याच्या माठाच्या बाजूने यायचा. मी लेखणी ठेवली की थांबायचा, आणि 'मी खाली सही करणार' एवढे लिहून झाले की पुन्हा सुरू व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी मुद्रांकवाल्यांना विचारले, "तुम्हाला काही ऐकू येते का?"

"पंख्याचा आवाज हाय, राव."

"पंखा बंद आहे."

त्यांनी वर पाहिले. मग आपले टेबल वीतभर बाजूला सरकवून घेतले.

तो आवाज थांबवायला म्हाताऱ्याला गांजा हवा होता, आणि तो कुठे मिळतो हे मला ठाऊक होते. माझ्याच हातचा दोन पानांचा नकाशा माझ्यापाशी होता. मी नारायणगावला गेलो. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो, हमाल, कुजक्या टोमॅटोचा वास, आणि त्या गर्दीमागे एकदम शांत गल्ली. क्रेटचा ढीग, तिसरा गाळा, अर्धे शटर. पण शटर हिरवे होते. मी घोटाळून उभा राहिलो.

आतून एक माणूस वाकून बाहेर आला. पांढरा स्वच्छ शर्ट, हातात चहाचा कप. "या, पावणं. बरोबर आलाय. निळा व्हता, आता हिरवा मारलाय." तो हसला. "अर्जात निळा लिहिला व्हता ना तुमी. लई छान लिहिता. मी दोनदा वाचला."

तो कागद त्याच्यापर्यंत कसा पोहोचला हे मी विचारले नाही. ओरडावे, निघून जावे, असेही मला सुचले नाही. "दोन पुड्या," मी म्हणालो.

"त्या लोनीच्या बाईचं पोरगं कसं हाय?" त्याने पुड्या देताना अगदी काळजीने विचारले.

एसटीच्या थांब्यावर उभा असताना मी प्रथमच मनाशी तो वाद नीट मांडून पाहिला. माझ्या दोन अर्जांपैकी एक होता खरोखरीच्या विक्रेत्याविरुद्ध. त्याने शटरचा रंग बदलला, एवढाच फरक पडला. दुसरा होता मरणाऱ्या माणसाचा. त्याची झाडे आठ दिवसांत मुळासकट गेली. लोणीच्या बाईचे दुःख खोटे नाही आणि बंदी उठवून ते भरून येईल असे मी आजही म्हणत नाही. पण बंदीचा हात ज्याने स्वतःहून पत्ता दिला त्याच्याच दारापर्यंत पोहोचला, हे मी माझ्या अक्षरात पाहिले आहे. मुद्रांकवाल्यांना हे मी अद्याप कबूल केलेले नाही.

घाटघरला पोहोचलो तेव्हा सकाळ होती, धुके तसेच. बाईने पुडी हुंगली. "वास येगळाच हाय, भाऊ." तरी तिने चिलीम भरली, कारण त्या आवाजात दुसरे काही करणे शक्यच नव्हते. म्हाताऱ्याने झुरके घेतले. आवाज थांबला, पण या वेळी खाली बसत थांबला नाही, कोणी तोंडावर हात दाबावा तसा मध्येच तुटला. डोळे मिटले नाहीत. ते पडवीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहू लागले.

"बाई," ते स्पष्ट स्वरात म्हणाले, "पंच आल्यात. च्या ठेव."

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे. मग तिने चूल पेटविली, चार कप भरले आणि कोपऱ्यात एका ओळीत मांडले. वाफ निघत होती. म्हातारा समाधानाने मान हलवीत होता.

"काय करतायत ते?" मी विचारले. का विचारले, कोण जाणे.

"लिवत्यात. बोलत न्हाईत."

"बाबा, दुखायचे थांबले का?"

त्यांनी मान माझ्याकडे वळविली. उपरण्याखाली गाल थरथरत होता. "दुखतंय की. तेवढंच दुखतंय. वरडायचं कसं त्येच इसारलोय."

हे ऐकले आणि मला पुडीत काय मिसळले होते याचा विचार करण्याचे धैर्य झाले नाही. लेबल नव्हते.

बाईने दुसरी पुडी उचलून माझ्या हातावर ठेवली. "न्ह्या ही. वरडत व्हते तवा मला कळत तरी व्हतं."

"मग?"

"मंग पुन्याला. गोळ्यांना. पन आता मी एकटी न्हेनार न्हाई."

पुडी मी घाटाच्या कड्यावरून सोडली. तिथला वारा खालून वर येतो; कागद उलगडून चुरा माझ्याच अंगावर परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमी घाटघर-जुन्नर करणारी जीप पूर्ण ठरवून आम्ही तिघे निघालो. चालक गमत्या माणूस होता, परंतु म्हाताऱ्याला आत ठेवल्यावर त्याने गाडी जपून काढली. पहिल्या पुडीचा अंमल उतरला नव्हता. म्हातारा ओरडत नव्हता, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याची बोटे सुनेच्या मनगटात रुतत होती.

धरणाकडे उतरणाऱ्या पहिल्या वळणावर ते म्हणाले, "थांबव. ती मानसं उभी हायेत."

"कोन मानसं, बाबा? मला तर फूटभर दिसंना," चालक म्हणाला.

"थांबवा, दादा," बाई म्हणाली.

जीप थांबली. चालकाने उतरून मागचे दार उघडले, धुक्याकडे पाहिले, आणि रोज प्रवाशांना म्हणतो तसेच म्हणाला, "बसा, बसा. मागं जागा हाय."

"चौघं हायेत. सरका जरा," म्हातारा मला म्हणाला. बाई सरकली. मीही सरकलो, आणि पुण्यापर्यंत तसाच अवघडून, अर्ध्या बाकावर बसून राहिलो.

रुग्णालयात एका डॉक्टर बाईंनी त्यांना तपासले, काहीही न विचारता कुलूप उघडले आणि नोंदवहीत सुनेची सही घेतली. गोळ्या अगदी लहान, पांढऱ्या होत्या. पाकिटावर नाव, मात्रा, तारीख, सगळे छापलेले. या खेपेला घरी न्यायला थोड्या अधिक मिळाल्या, आणि पुढच्या वेळी रोग्याला न आणता फक्त कागद घेऊन कोणी आले तरी चालेल, असे त्यांनी लिहून दिले. एवढे लिहून मिळते, हे आम्हाला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते. पहिली गोळी तिथेच दिली. अर्ध्या तासाने म्हाताऱ्याचे डोळे मिटले. सून त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहत राहिली.

परतताना ते सबंध वाट झोपले. तोंड उघडे, श्वास संथ. खड्डे तेच होते. जुन्नर मागे पडले, चढ सुरू झाला, आणि उन्हे उतरायच्या आतच पुन्हा धुके लागले. त्या वळणावर चालकाने कोणी न सांगता गाडी हळू केली.

"पावणं," तो पुढे पाहतच म्हणाला, "त्या चौघान्ला हितंच उतरवायचं का?"

त्याच्या बोलण्यात मस्करी नव्हती. म्हातारा झोपलेला होता. तो काही सांगणार नव्हता. बाईने डोळ्यांनीच हो म्हटले. मी वाकून मागचे दार उघडले. धुके आत आले, गार, ओल्या कागदासारख्या वासाचे. चार माणसे उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी दार धरून ठेवले, आणि मग लावून घेतले.